बॅकअप दिन, पासवर्ड दिन, इमोजी दिन: तंत्रज्ञानाचे दिवस घरात कसे पाळायचे

३१ मार्चला ‘वर्ल्ड बॅकअप डे’ असतो. मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी पासवर्डचा दिवस, १७ जुलैला इमोजीचा, आणि वर्षाच्या २५६व्या दिवशी प्रोग्रामर मंडळींचा. असे कितीतरी दिवस जगभर पाळले जातात. आपल्यापर्यंत ते बहुधा फॉरवर्ड केलेलं एखादं चित्र म्हणून पोचतात आणि दुपारपर्यंत विसरूनही जातात. मला ते फार कामाचे वाटतात. फोन, संगणक आणि इंटरनेटची बरीच कामं महत्त्वाची असतात, पण आजच्या आज करायला हवीत अशी कधीच नसतात, म्हणून वर्षानुवर्षं राहून जातात. त्यांना एकेक तारीख मिळाली की ती होतात. तेव्हा यंदा पहिल्यांदाच हे दिवस पाळायचे असतील तर सुरुवात कुठून करायची, ते सांगतो.

आधी निवड, आणि थोडीच

हे दिवस कुठल्या पंचांगातून आलेले नाहीत. कुणीतरी ठरवले आणि लोकांनी उचलून धरले. बॅकअपचा दिवस २०११ साली इस्माईल जदून या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यानं सुरू केला. एकाची हार्ड डिस्क गेली होती आणि ‘मला कुणीतरी वेळेवर आठवण करायला हवी होती’ अशा अर्थाचं त्यानं रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर लिहिलं होतं. ते वाचून हा दिवस सुचला. इमोजीचा दिवस जेरेमी बर्ज यांनी २०१४ साली काढला. ॲपलच्या कॅलेंडर-इमोजीवर १७ जुलै ही तारीख दिसते, म्हणून तीच धरली. पासवर्डचा दिवस इंटेल कंपनीनं २०१३ पासून रूढ केला. काही दिवसांमागे मात्र मोठ्या संस्था आहेत. १७ मे हा जागतिक दूरसंचार दिन, कारण १८६५ साली त्या दिवशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा पाया घातला गेला. २८ जानेवारीचा डेटा प्रायव्हसी डे वैयक्तिक माहिती जपण्यासाठीच्या युरोपातल्या १९८१ सालच्या करारावरून आला.

दिवस कुणी काढला यापेक्षा एकच प्रश्न विचारा: यातून आपल्या घरात तासाभरात होणारं एखादं काम निघतं का? निघत असेल तर दिवस ठेवा, नसेल तर सोडून द्या. पहिल्या वर्षी चार पुरेत: फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार (सुरक्षित इंटरनेट), ३१ मार्च (बॅकअप), मेमधला पहिला गुरुवार (पासवर्ड) आणि १४ ऑक्टोबर (ई-कचरा). इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये एकाच विषयाचे दोन-दोन दिवस सापडतात. पासवर्ड बदलण्याचा म्हणून १ फेब्रुवारीही पाळला जातो. गोंधळून न जाता एक निवडा.

तारीख लिहून ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेननं लिहा. दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख जिथे लिहितो तिथेच. घरातल्या सगळ्यांना ते दिसतं, फोनमधली आठवण एकट्यालाच दिसते. नुसतं ‘बॅकअप दिन’ लिहू नका, काम लिहा: ‘फोटो डिस्कवर, संध्याकाळी ७’. सोबत कुणी करायचं त्याचं नावही.

फोनच्या कॅलेंडरमध्ये ३१ मार्चसारखी ठरलेली तारीख ‘दर वर्षी’ म्हणून सहज टाकता येते. वारावर चालणाऱ्या दिवसांची अडचण होते. गूगल कॅलेंडरमध्ये त्यावर उपाय आहे. मेमधल्या पहिल्या गुरुवारी नोंद करा, पुनरावृत्तीत ‘कस्टम’ निवडा, ‘दर १२ महिन्यांनी’ लिहा आणि खाली ‘पहिल्या गुरुवारी’ हा पर्याय घ्या. दर वर्षी योग्य तारखेला आठवण येईल. २५६व्या दिवसाचं गणित सोपं आहे: एरवी १३ सप्टेंबर, लीप वर्षात १२ सप्टेंबर.

३१ मार्च: बॅकअप

एकच दिवस पाळायचा असेल तर हा पाळा. तारीख एप्रिल फूलच्या आदल्या दिवशीची आहे. आपल्याकडे तोच मार्च एंडिंगचा दिवस, त्यामुळे बँकेत, दुकानात किंवा सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्यांना त्या संध्याकाळी श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यांनी आधीचा रविवार धरावा. ज्यांचं दुकान टॅलीवर चालतं त्यांना वर्षाची खाती बंद करताना बॅकअप घ्यायची सवय असतेच. तीच शिस्त घरच्या फोटोंना लावायची आहे.

सुरुवात यादीनं करा. पुन्हा मिळणार नाही असं काय आहे? आजोबांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, मुलीची पहिली पावलं, लग्नाचा व्हिडिओ, आईच्या हस्ताक्षरातल्या पाककृतींचे फोटो. हे सगळ्यात वर. आधार, पॅन, गुणपत्रिका यांच्या प्रती डिजिलॉकरमधून किंवा संबंधित कार्यालयातून पुन्हा मिळवता येतात, त्या त्यानंतर. डाउनलोड केलेले सिनेमे आणि गाणी यादीत घेऊच नका, त्यांनीच जागा संपते.

मग एक फरक समजून घ्या, कारण बहुतेकांचे फोटो इथेच जातात. गूगल फोटोजमध्ये फोटो ‘आहेत’ म्हणजे ते सुरक्षित आहेत असं नाही. त्या ॲपमध्ये फोटो डिलीट केला तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यातूनही. ६० दिवस कचरापेटीत राहतो आणि मग कायमचा नाहीसा होतो. फोनमधली जागा वाढवायची असेल तर त्याच ॲपमधला ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय वापरा. त्यात फोनवरची प्रत जाते, क्लाउडवरची राहते. पण जिथे एका ठिकाणी पुसलेलं दुसऱ्या ठिकाणीही पुसलं जातं, त्याला बॅकअप म्हणत नाहीत. बॅकअप म्हणजे वेगळी, हात न लागणारी प्रत.

त्यासाठी जाणकारांचा ‘तीन-दोन-एक’ हा नियम आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घरगुती रूप असं. एक प्रत फोनमध्ये किंवा लॅपटॉपवर, दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरी. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षांचा भरवसा ठेवू नका, तो ने-आण करण्यापुरता. मला सगळ्यात आवडलेली पद्धत म्हणजे डिस्कची अदलाबदल. तुमची डिस्क बहिणीच्या घरी, तिची तुमच्याकडे. राखीपौर्णिमेला भेटलात की नवी भरलेली डिस्क द्यायची, जुनी परत घ्यायची. कागदपत्रंही त्यात असतील तर डिस्कला पासवर्ड लावा.

व्हॉट्सॲपचं वेगळं बघावं लागतं. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप गूगल खात्यात जातो आणि तो आता मोफत मिळणाऱ्या १५ जीबीमध्येच मोजला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो आणि महिनोन्‌महिने ते लक्षातही येत नाही. सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, मग ‘चॅट बॅकअप’ उघडून शेवटची तारीख बघा. ती जुनी असेल तर गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंची सफाई करून पुन्हा घ्या.

शेवटची पायरी वगळू नका: बॅकअप उघडून बघा. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा. एक जुना फोटो, एक नवा, एक मोठा व्हिडिओ आणि एक कागद उघडा. उघडले तरच काम झालं. डिस्कवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा.

वेळ उरलाच तर कपाटातला जुना अल्बम काढा. खिडकीजवळ, उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोनवर फोटोंचे फोटो घ्या. मागे नाव, गाव, साल लिहिलेलं असेल तर मागची बाजूही घ्या. घरातलं मोठं माणूस शेजारी बसवा आणि कोण कोण आहे ते विचारताना रेकॉर्डिंग चालू ठेवा.

मेमधला पहिला गुरुवार: पासवर्ड

२०२५ साली हा दिवस नेमका महाराष्ट्र दिनी आला होता. एरवीही तो मुलांच्या सुट्टीत येतो, म्हणून घरातली सगळी मंडळी एकत्र बसवणं सोपं जातं.

सगळेच पासवर्ड बदलायला घेऊ नका. ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलत राहण्याचा आग्रह आता जाणकारही धरत नाहीत. मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या संस्थेनंही २०१७ साली तो सोडून दिला, कारण सक्तीनं बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. बदलायचा तो एकाहून अधिक ठिकाणी वापरलेला पासवर्ड. एक संकेतस्थळ फुटलं की चोर तीच ईमेल-पासवर्डची जोडी दुसरीकडे लावून बघतात.

क्रम असा ठेवा. पहिलं ईमेल, कारण बाकी सगळे पासवर्ड त्यातूनच नव्यानं घेता येतात. मग बँक, मग समाजमाध्यमं. ईमेलला द्विस्तरीय पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डबरोबर दुसरी खूणही लागेल. त्याच पानावर खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर तपासा. बंद केलेला जुना नंबर तिथे असेल तर तो आजच काढा. बंद नंबर काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो.

नवा पासवर्ड कसा असावा? लांब. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहा: खलबत्ता, पाऊस, चौकट, मांजर अशा धर्तीवर, पण हे चार नव्हेत. अभंगाची ओळ, मुलाचं नाव आणि जन्मसाल, दैवताचं नाव आणि १२३ हे सगळे चोरांच्या यादीत आधीपासून आहेत. ज्यांना जमेल त्यांनी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप, वापरावा. आई-बाबांना जमत नसेल तर वही चालेल, हे मी ठामपणे सांगतो. कपाटात कुलूपबंद असलेली वही परदेशात बसलेल्या चोराला दिसत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा ती कितीतरी बरी. फक्त तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवायचा नाही, आणि यूपीआयचा पिन त्यात लिहायचा नाही.

१७ मे: आपल्या नावावर किती सिम?

दहा मिनिटांचं काम. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानं मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती जोडण्या चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ म्हणून तिथेच कळवता येतं. फोन हरवला तर तो बंद पाडण्याची सोयही त्याच जागी आहे, त्यासाठी फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची स्वतंत्र ओळख, लागतो. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा आणि दिसेल तो क्रमांक कागदावर लिहून ठेवा. फोन हरवल्यावर तो फोनमध्ये शोधता येत नाही.

मेच्याच तिसऱ्या गुरुवारी ‘ग्लोबल ॲक्सेसिबिलिटी अवेअरनेस डे’ असतो. संकेतस्थळं आणि ॲप अपंग व्यक्तींना वापरता यावीत यासाठीचा हा दिवस २०१२ पासून पाळतात. त्या संध्याकाळी अँड्रॉइड फोनवर ‘टॉकबॅक’, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू करा, डोळे मिटा आणि एक मेसेज पाठवून बघा. बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा. टॉकबॅकमध्ये एका स्पर्शानं काहीच उघडत नाही, दोनदा टॅप करावं लागतं आणि नवखा माणूस अडकतो. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी बंद असल्याची सूचना चित्र म्हणून टाकली तर अंध शेजाऱ्याच्या फोनला ती नीट वाचून दाखवता येईलच असं नाही, हे एकदा अनुभवलं की आपण ती टाइप करून टाकायला लागतो.

जुलै

इमोजी दिनाला मुलांबरोबर बसून आपल्याकडच्या इमोजी शोधा. साडी, पणती, ऑटोरिक्षा आणि मंदिर या चारही २०१९ च्या संचात एकत्र आल्या. नवी इमोजी सुचवण्याचा अर्ज इमोजी ठरवणाऱ्या युनिकोड संस्थेकडे कुणालाही करता येतो. याच दिवशी आजी-आजोबांच्या फोनवर मराठी कीबोर्ड बसवून द्या आणि बोलून टाइप करण्याचं माइकचं बटण दाखवा. ज्यांना अंगठा आणि हात जोडलेली खूण एवढ्यावर भागवावं लागत होतं, ते मोठमोठी पत्रं लिहायला लागतात.

जुलैचा शेवटचा शुक्रवार सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे ऑफिसातले संगणक सांभाळणाऱ्या लोकांचा. शिकागोच्या टेड केकाटोस यांनी २००० साली हा दिवस सुरू केला. नवे प्रिंटर बसवून देणाऱ्या सिस्टिम ॲडमिनला सहकारी फुलं आणि भेटी देत आहेत, अशी एक जाहिरात त्यांना दिसली होती. ऑफिसातल्या आयटीवाल्याला आपण फक्त काही बिघडलं की फोन करतो. त्या शुक्रवारी काहीही बिघडलेलं नसताना त्याच्याकडे चहा घेऊन जा. पावसात खांबावर चढून ब्रॉडबँडची वायर जोडणारा मुलगाही यात धरावा असं मला मनापासून वाटतं.

१४ ऑक्टोबर: ई-कचरा

हा आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिन २०१८ पासून पाळतात. आपल्याकडे तो बहुधा दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास येतो, याहून सोयीचं काय असणार. माळ्यावरचे फोन, चार्जर, रिमोट, बंद पडलेला सेट-टॉप बॉक्स एका खोक्यात जमा करा. फोन देण्याआधी हा क्रम पाळा: फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा, गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन सगळं पुसून नव्यासारखा करा. खात्यातून बाहेर न पडता रीसेट केलेला फोन दुसऱ्याच्या हातात कुलूपबंदच राहू शकतो.

फुगलेली बॅटरी दिसली तर ती दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ती पेट घेऊ शकते. वेगळ्या डब्यात, सुक्या जागी ठेवून लवकरात लवकर संकलन केंद्रावर द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते. इतर शहरांत महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकाला विचारा. भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी एवढं लक्षात घ्या की पुढे कुठेतरी त्या वायरी तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जाऊ शकतात आणि तो धूर कुणाच्या तरी लहान मुलांच्या छातीत जातो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार: सुरक्षित इंटरनेट

‘सेफर इंटरनेट डे’ २००४ साली युरोपात सुरू झाला. शाळांमध्ये तो मुलांसाठी होतो. घरात तो मोठ्यांसाठी करा, कारण निवृत्तीची पुंजी त्यांच्या खात्यात असते.

भाषण देऊ नका, तालीम करा. नातवानं दुसऱ्या खोलीतून फोन करून पोलीस अधिकारी व्हायचं: ‘तुमच्या नावानं आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉल चालू ठेवा, कुणाला सांगू नका.’ आजीनं फोन कट करायचा. एवढंच. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, असा प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे तालमीनंतर सांगितलं की पक्कं बसतं. दुसरी तालीम यूपीआयची: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. तिसरी, घरातल्याच माणसाच्या आवाजात रडत आलेला ‘माझा अपघात झालाय’ असा फोन. त्यासाठी घरापुरता एक गुप्त शब्द ठरवा, समोरच्याला तो सांगता आला नाही तर पैसे पाठवायचे नाहीत. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार झाली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवा. आणि फसलेल्या माणसाला कुणीही रागवायचं नाही, हे सगळ्यांसमोर ठरवून टाका. रागाच्या भीतीनं माणसं दोन-दोन दिवस बोलत नाहीत, आणि तेवढ्यात पैसे निघून जातात.

सोसायटीत किंवा वाचनालयात करायचं असेल तर

एक तास, एक काम, दहा-बारा माणसं. प्रोजेक्टर नसला तरी चालतं, जादाचे चार्जर मात्र हवेत. दोन ज्येष्ठांमागे एक कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी बसवा. त्यांच्यासाठी नियम एकच: काकूंचा फोन काकूंच्याच हातात राहील. ‘द्या इकडे, करून देतो’ म्हणून फोन घेतला की काम होतं, पण काकूंना काहीच येत नाही. बोटानं दाखवा आणि थांबा. कुणाचाही पिन किंवा ओटीपी मोठ्यानं बोलला जाणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा.

पुढच्या वर्षी स्वतःचे दिवस

चार दिवस अंगवळणी पडले की आपले दिवस जोडा. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्या दिवशी आपल्या गावाच्या लेखात एक खात्रीची, संदर्भासह ओळ घाला. आधी हात बसवायला तिथे ‘धूळपाटी’ आहे, तिच्यावर काहीही लिहून पुसलं तरी बिघडत नाही. ३१ जुलै १९९५ ला भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. त्या दिवशी घरातल्या मोठ्यांना ट्रंक कॉलच्या आठवणी विचारा आणि रेकॉर्ड करून बॅकअपच्या यादीत टाका.

खंडेनवमी तर आपलीच आहे. त्या दिवशी संगणकाला झेंडूचा हार घालतातच. हार घालण्याआधी तो बंद करा, कीबोर्ड उलटा करून झटका, पंख्यातली धूळ ब्रशनं काढा, पडदा ओल्या नव्हे तर सुक्या मऊ कापडानं पुसा. मग चालू करून थांबलेले सगळे अपडेट पूर्ण होऊ द्या, आणि कुंकू यूएसबीच्या फटीपासून दूर लावा.